गिर्री की काणूक?

"झाडानं बदक गिळलं!"

मधु धापा टाकत आला आणि पायरीवर बदकन बसला. गणपतीची सुट्टी होती. ग्वाल्हेरातल्या लष्कर भागात, कंपू मोहल्ल्यामागच्या तळ्याकाठी त्याची मोठी बहीण वनमाला आणि तिची मैत्रीण दुर्गा मीठ लावून पेरू खात बसल्या होत्या.

"सकाळी सकाळी भांग प्यालास का रे?" दुर्गा म्हणाली.

"गणपतीची शप्पथ! छोटंसं बदक उडत आलं, सरळ त्या जांभळाच्या खोडात घुसलं. और निकलाही नहीं!"

"बदक पाण्यात असतं, वेड्या."

"मग चल ना बघायला! घाबरलीस?"

घाबरलीस म्हटल्यावर दुर्गा कुठली बसते! तिघं निघाली. जुनं जांभूळ पाण्यावर वाकलेलं होतं. दोन माणसं उंचीवर खोडाला एक काळीकुट्ट ढोली होती. तिघं झुडपामागं दबा धरून बसली. बराच वेळ काही नाही. दुर्गा जांभई देणार, एवढ्यात तळ्यावरून एक इवलंसं तपकिरी बदक बाणासारखं आलं. कबुतराएवढंच! वेग कमी नाही, फांदीवर टेकणं नाही. सुळकन ढोलीत! गायब!

दुर्गाची जांभई तोंडातच राहिली.

"बाप रे! ये तो जादू है!"

वनमाला पुढं गेली, खोडाला कान लावला. तिचे डोळे मोठे झाले. आतून बारीक आवाज येत होता. ची... ची... ची...

"जादू नाही गं," ती कुजबुजली. "पिल्लं आहेत! झाडाच्या पोटात!"

मग तिघांनी आळीपाळीनं कान लावले.  मधुनं तर दोनदा पाळी घेतली.

"ए, हटो वहाँ से!"

मागं दुर्गाचे काका उभे होते, जयसिंहराव. डोक्यावर पगडी, हातात छडी, सोबत कुऱ्हाड घेतलेला लाकूडतोड्या. दसऱ्याच्या स्वारीचा रस्ता मोकळा करायचं काम दरबारानं त्यांना दिलं होतं. हत्ती या वाटेनं जाणार, अंबारीला फांदी लागणार, म्हणून झाड तोडायचं. आजच.

"काका, नका तोडू! आत बदकाची पिल्लं आहेत!"

"झाडावर बदक?" जयसिंहराव खो खो हसले. "उद्या म्हणशील, माडीवर मासे! चला, बाजूला व्हा. काटो जी!"

"काका, एकदा कान तरी लावा!"

"दुर्गे, मला काय दुसरी कामं नाहीत?"

लाकूडतोड्यानं हातावर थुंकी टाकून कुऱ्हाड उचलली. मधुच्या डोळ्यांत पाणीच आलं. वनमालाच्या डोळ्यांत मात्र वेगळीच चमक आली. तिला काल रात्रीची आरती आठवली. साताऱ्याहून आलेली तिची मंदाआत्या आणि हेच जयसिंहराव, आलू म्हणावं की बटाटा, यावरून असे भांडले होते की प्रसादाचे मोदक थंडगार झाले! लष्करच्या मराठी माणसाला काहीही म्हणा, त्याची मराठी बिघडली एवढं म्हणू नका.

"दुर्गा, पळ!" ती कानात म्हणाली. "आत्याला आण. सांग, काका काणूकला गिर्री म्हणतात!"

"काणूक म्हणजे?"

"हेच बदक! आपल्याकडची गिर्री. कालच तळ्यावर बघून आत्या म्हणाली होती. भाग तू!"

दुर्गा सुसाट सुटली. इकडं वनमाला भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, त्या छोट्या बदकाला काय म्हणतात हो?"

"एवढंही ठाऊक नाही? गिर्री!"

"पण मंदाआत्या म्हणते, गिर्री म्हणणाऱ्याला मराठी येत नाही."

कुऱ्हाड एकदा पडली. खट्! ढोलीतली ची-ची थांबली. मधुनं कान झाकून घेतले.

"काय म्हणते?" जयसिंहरावांची छडी हवेतच थांबली.

तेवढ्यात पदर खोचून आत्या आलीच! "काय हो जयसिंहराव? काणूक म्हणायचं तिला, काणूक! हिंदी ऐकून ऐकून बिघडलात तुम्ही सगळे!"

"आमच्या पाच पिढ्या ग्वाल्हेरात गेल्या, मंदाताई! इथलं पाखरू, इथलं नाव. गिर्री!"

"काणूक!"

"गिर्री!"

दवाखान्याकडं निघालेल्या डॉक्टर भालचंद्ररावांनी टांगा थांबवला. "अहो, दोघंही चुकताय. कॉटन टील!"

"तुम्ही गप्प बसा!" दोघं एका सुरात ओरडली.

"साब, काटें के नहीं?" लाकूडतोड्यानं विचारलं.

"कुणाची गोष्ट करताय तेच कळत नाही," वनमाला हळूच म्हणाली. "तुमची गिर्री आणि आत्याची काणूक एकच कशावरून? पाखरू समोर आलं तर फैसला होईल. पण कुऱ्हाडीच्या आवाजानं ते यायचं नाही."

"बरोबर!" जयसिंहराव गरजले. "ए, कुल्हाड़ी रख! आधी फैसला!"

मधुनं तोंड दाबून हसू गिळलं.

सगळे झुडपामागं बसले. पगडी, लुगडं, डॉक्टरांची टोपी, सगळं एका रांगेत! वारा पडला. तळं आरशासारखं झालं.

ढोलीतून ते तपकिरी बदक निघालं, खाली पाण्यावर उतरलं आणि हलकेच साद घालू लागलं. दूरवरून नर आला. पांढराशुभ्र, गळ्यात काळा पट्टा, पाठीवर उन्हात हिरवी झळाळी. आणि ढोलीच्या तोंडाशी एक डोकं दिसलं. बोराएवढं!

"अरे देवा," आत्या पुटपुटली. "पडेल की ते!"

पिल्लू पडलं नाही. त्यानं उडी मारली! पंख नाहीत, नुसता कापसाचा गोळा. हवेत पाय ताणून आलं आणि टुप्! पाण्यात. लगेच पोहायलाच लागलं! मग दुसरं. मग तिसरं. टुप्, टुप्, टुप्! जणू ते जुनं झाड एकेक जीव ओंजळीतून तळ्यात सोडत होतं.

शेवटचं मात्र काठावर अडलं. खाली बघे, मागं सरे. आई थांबली. सगळं तळंच थांबलं. जयसिंहरावांनी मधुचा हात घट्ट धरला होता, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"कूद, बेटा," ते हळूच म्हणाले. "कूद!"

टुप्!

 लाकूडतोड्यानं झाडाला हात जोडले. डॉक्टरांनी टोपी काढली. आई पुढं, पिल्लं मागं, कमळाच्या पानांमधून सगळी हळूहळू दिसेनाशी झाली.

जयसिंहरावांनी पगडी सावरली, घसा साफ केला. "हत्तीला काय, चार पावलं पलीकडून नेऊ. झाड राहील. पुढल्या वर्षी ती परत आली तर कुठं जाईल बिचारी?" मग त्यांनी वनमालाकडं रोखून पाहिलं. "आणि पोरी, हे भांडण लावलं कुणी?"

"मी, काका," वनमाला जीभ चावत म्हणाली.

"शाब्बास! अख्ख्या दरबारात मला कुणी असं गंडवलं नाही! तिघांना आज माझ्याकडं जिलबी. पेट भर के!"

"पण फैसला राहिलाच," मधु म्हणाला. "नाव काय त्या बदकाचं?"

जयसिंहरावांनी आत्याकडं पाहिलं. आत्यानं त्यांच्याकडं.

"काणूक," जयसिंहराव अदबीनं म्हणाले.

"छे हो," आत्या तळ्याकडं बघतच म्हणाली, "गिर्री!"