बकेट खाली घ्या

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आमच्या लहानूकाकांनी हे मला स्वतः सांगितलंय, आणि काका म्हणजे भुताखेतांना हसणारा माणूस!

१९९८ सालचा डिसेंबर. निफाडजवळची एक बंद पडलेली वीटभट्टी. दिवस मावळायच्या बेतात.

काका ट्रॅक्टर मिस्त्री. जुना ट्रॅक्टर घ्यायचा तर लोक आधी त्यांना दाखवायचे. त्या दिवशी तर घरचंच काम होतं. जावई नवनाथला लोडरवाला ट्रॅक्टर घ्यायचा होता. पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांना भलीमोठी बकेट. लेक अंजली पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. जावयाचा धंदा एकदाचा मार्गी लागावा, एवढंच काकांच्या मनात होतं.

भट्टीचे मालक कारभारीअण्णा. त्यांनी चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही.

मग काकांची नेहमीची परीक्षा. बकेट पार वर उचलायची, इंजिन बंद करायचं, चावी आपल्या खिशात टाकायची आणि निवांत चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बकेट खाली उतरली, तर हायड्रोलिक गेलं समजायचं.

अण्णांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, बकेट खाली घ्या. आम्ही ती वर ठेवत नाय."

काका गालात हसले. म्हातारा काहीतरी खोट लपवतोय, असंच त्यांना वाटलं.

"तुम्ही चहा तर आणा, अण्णा. मग बघू."

अण्णा मागे वळून बघत बघत घराकडे गेले.

बकेट होती तिथंच. जराही हलली नाही.

नवनाथ खूश! "मामा, एक नंबर माल हाय! खालून तेल गळतंय का, तेवढं बघतो."

आणि तो बकेटखाली आडवा झाला. काका पाठमोरे, बिडी पेटवत होते.

तेवढ्यात...

कुर्रर्र.

सीटची स्प्रिंग वाजली. जड माणूस बसल्यावर वाजते, तशी.

काका वळले. सीट रिकामी.

पण... दबलेली.

मघापासून ओरडणाऱ्या टिटव्या एकदम गप्प झाल्या.

मग बकेटचा लिव्हर हलला... सावकाश.

आणि बकेट खाली यायला लागली.

"जावईबापू, बाहेर या! अहो, लवकर बाहेर या!"

"मामा... पाय सोडवा! माझा पाय धरलाय कोणीतरी!"

खाली दुसरं कोणीच नव्हतं.

काकांनी ट्रॅक्टरवर झेप घेतली, लिव्हर पकडला. त्यावर आधीच एक हात होता. दिसत नव्हता... पण बोटं लागत होती. ओली. गारठलेली.

"अंजले!" काका लेकीच्या नावानं ओरडले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी लिव्हर मागे खेचला.

बकेट थांबली. नवनाथच्या शर्टाला टेकून.

पायाची पकड सुटली. तो श्वास सोडून, सरपटत कसाबसा बाहेर आला. एक बूट आतच राहिला.

अण्णा चहा घेऊन आले, समोरचं बघितलं आणि मटकन खाली बसले.

"हिरामण, आमचा ड्रायव्हर... तो बी असाच खाली निजून बघत होता. बकेट अंगावर आली. जागीच गेला. इंजिन बंद होतं, मिस्त्री. चावी माझ्या खिशात होती."

काकांनी आपला खिसा चाचपला. चावी खिशातच होती.

"आधी सांगायचं नाय का हो?"

"खाली घ्या म्हणालो ना मी!"

ट्रॅक्टर अर्थातच घेतला नाही. तो पुढे नांदगावकडे कोणीतरी नेला म्हणे. अंजलीला मुलगी झाली. नवनाथच्या घोट्यावरचे पाच बोटांचे वळ मात्र बारशालाही तसेच होते.

सगळे म्हणतात, हिरामणचंच भूत ते. काका मान हलवतात.

"पाय धरणारा हिरामण असंल. पण तो तर खाली मेला ना रे? मग वर सीटवर कोण बसलं होतं?"

एवढं बोलून काका उजवा हात धोतराला पुसत राहतात.