उघडी बाजू

संग्रहालयाचे इसोगाई घड्यासमोर गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "तोकुहेईसान, तुमच्या नंतरच्या कामात हे नाही. एका बाजूला लाकडाची राख वितळून झालेली हिरवी काच, दुसरी बाजू नुसती माती. केवढा संयम!"

"संयम कसला," अंथरुणातून तोकुहेई हसले. "ही पोरगी जन्माला येतेय असा निरोप आला, आणि मी भट्टीत लाकडं टाकायची सोडून पळालो. आगीकडच्या बाजूवर राख उडून बसली, मागची कोरीच राहिली. पहिलीच भट्टी माझी."

चहा ठेवता ठेवता सायोकोही हसली. ती काचेच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. बाबांकडे फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर रजा काढून शिगाराकीला, बाबांच्या कुंभारगावी, आली होती.

"न्या की घडा," तोकुहेई म्हणाले, "पण पुरा झाल्यावर."

इसोगाईंना ती थट्टा वाटली. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "सायो, उघडी बाजू माझ्याकडे कर."

"बाबा, राख वितळायला बाराशे अंश लागतात."

"शहाणी आहेस. फिरव."

तिने फिरवला.

काही दिवसांनी सकाळच्या उन्हात उघड्या मातीवर धुरकट थर दिसला. धूळ असेल म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसला. निघाला नाही. पुढे त्याला चमक आली. मग घड्याच्या खांद्यावरून एक हिरवा ओघळ सुटला, आणि रोज थोडा थोडा खाली येऊ लागला. तिने तळवा टेकवून पाहिलं. घडा गार होता. बाबांचा हात त्याहून गार, आणि उचलला तर कागदासारखा हलका.

"मी हा घडा फिरवून ठेवते."

"हात लावू नकोस."

"तुम्ही झिजताय, बाबा."

"एकदा सोडली भट्टी. तुझ्यासाठी सोडली, त्याचं काही नाही. पण आता नाही सोडायची."

तिने हात मागे घेतला.

ओघळ बुडाशी येऊन थांबला. बाबांनी मान कलती करून घडा डोळे भरून पाहिला. "आता कळव इसोगाईंना," म्हणाले.

त्याच दुपारी बाबा गेले.

दहनानंतर सायोको आणि तिची आत्या अस्थी वेचायला बांबूच्या काड्या घेऊन उभ्या राहिल्या. दहनगृहातल्या माणसाने भट्टीतलं तबक बाहेर ओढलं. हाडं जागच्या जागी होती, धुतल्यासारखी पांढरी.

तो माणूस परत आत डोकावला. मग टोपी काढून वाकला.

"माफ करा," हलक्या आवाजात म्हणाला. "हाडं सगळी आहेत. राख मात्र कुठेच नाही."