रोहूचं मुंडकं

शुक्रवार, सहा जून. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. बोरिवली पूर्वेच्या 'वनछाया' सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या आला, अकरा सेकंद थांबला आणि पलीकडच्या जंगलात उडी मारून निघून गेला.

अकरा हा आकडा सपनाचा. तेरा वर्षांच्या सपनाला मोजायची खोडच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ती दात घासत उभी होती. तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस, आणि समोर बिबट्या! तिला ओरडता येईना. मग तिने मोजलं.

अकराव्या सेकंदाला बिबट्याच्या तोंडातून काहीतरी निसटलं आणि भिंतीच्या अलीकडे, पंपाच्या खोलीजवळ पडलं.

ते माशाचं मुंडकं होतं. चांगलं नारळाएवढं!

सात वाजेपर्यंत अर्धी सोसायटी तिथे जमली. सोसायटीच्या अध्यक्षा मृणालिनी काकूंनी पदर नाकाला लावून मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

"बघा! मी सांगत नव्हते? ती मासेवाली येते, हा कचरा टाकते, आणि त्याच्या वासाने बिबट्या येतो. आजपासून तिला गेट बंद!"

"आणि पिंजरा लावा म्हणावं," मागून कोणीतरी म्हणालं. "उद्या एखादं पोर उचलून नेलं तर?"

दहा मिनिटांत निकाल लागला. मासेवालीला तूर्तास बंदी. कायमची बंदी आणि वनविभागाकडे पिंजऱ्याचा अर्ज, दोन्ही रविवारच्या सभेत पक्कं करायचं. सफाईवाल्या काकांनी मुंडकं पिशवीत भरून नेलं. पण त्याआधी सपनाला एक गोष्ट दिसली. मुंडक्याच्या कल्ल्यातून एक हिरवी तार ओवलेली होती.

"विशाल, कचऱ्यात टाकलेल्या मुंडक्याला तार कोण बांधतं?" तिने धाकट्या भावाला विचारलं.

विशाल दहा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. "बिबट्याने डबा म्हणून नेलं असेल! हँडल लावून!"

"गप रे!"

साडेआठला सरूबाई आली. मढच्या कोळीवाड्यातून सोळा वर्षं ती या गेटातून येत होती. डोक्यावर टोपली, नाकात मोठी नथ, आणि सुट्टी असल्यामुळे सोबत नात कल्पिता. कल्पिता आणि सपना एकाच वयाच्या. दर मे महिन्यात त्यांची दोस्ती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू व्हायची.

गेटवर नोटीस होती. सरूबाईला वाचता येत नव्हतं. कल्पिताने ती मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"काय गो? मी कचरा टाकते?" सरूबाईने टोपली खाली ठेवली. "सोळा वर्सं झाली. माज्या टोपलीचं एक खवलं कदी पडलं का हिते? सांगा ना कोणतरी!"

कोणी सांगितलं नाही. तिच्याकडून दर आठवड्याला सुकट घेणारी सपनाची आई तेव्हा कामावर गेली होती. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघत होते. तळमजल्यावरचे नंदकुमार काका तर चष्मा काढून पुसतच राहिले. एरवी जंगलातल्या प्रत्येक पाखराचं नाव मुलांना सांगणारे काका! सपनाला नवल वाटलं.

"काकू, फोटो दाखवा ना," कल्पिता म्हणाली.

मृणालिनी काकूंनी लांबूनच मोबाइल पुढे केला. कल्पिताने फोटो मोठा केला आणि फस्सकन हसली.

"हा तर रोहू!"

"म्हणजे?"

"तळ्यातला मासा, काकू. जाड ओठ बघा, तोंड खाली वळलेलं. मानेपाशी रुपयाएवढे खवले. हा बर्फात घालून ट्रकने येतो. आमची आजी समुद्र सोडून दुसरा मासा टोपलीत ठेवेल? आणि जून लागला ना! एक तारखेपासून आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढल्यात, मासे अंडी घालतात म्हणून. आता दोन महिने ओली मासळी नाहीच. बघा टोपली! सोडे, जवळा, सुके बोंबील. यात मुंडकं कुठून येणार?"

"मासा तो मासा," मृणालिनी काकू म्हणाल्या. "वास सगळ्यांचा सारखाच."

सरूबाईने टोपली उचलली आणि ती वळली. सपनाला वाटलं होतं की ती भांडेल. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

जाता जाता कल्पिता सपनाच्या कानाशी पुटपुटली, "आजी घरी जाऊन जेवायची नाही बघ. यार, काहीतरी कर!"

सपनाला दिवसभर कुठे म्हणून बसवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. गॅलरीत गेली, आत आली. रोहू. हिरवी तार. सोसायटीत मासे खाणारी घरं पाच. तिने पाचही घरी जाऊन विचारलं. रोहू कोणीच आणला नव्हता.

"मग तो आणला कोणी? आणि खायला नाही, तर कशाला?"

"लटकवायला!" विशाल म्हणाला. तो गंमत करत होता, पण सपना ताडकन उठली.

"विशाल, तू चुकून बरोबर बोललास!"

शनिवारी सकाळी कल्पिता एकटीच, दोन बस बदलून आली. मुंडकं कुठे लटकवलं होतं ते गच्चीवरून शोधायला तिघं नंदकुमार काकांकडे दुर्बीण मागायला गेली. काका ती नेहमीच देत. आजही दिली, पण म्हणाले, "गच्चीवर पुढच्या बाजूने बघा हं. घारींची घरटी आहेत. मागून काही दिसत नाही. पाण्याची टाकी मध्ये येते."

जिन्यात सपना थबकली. "टाकी डाव्या कोपऱ्यात आहे. मध्ये कुठे येते?"

"म्हातारे झाले ते," विशाल म्हणाला.

"रोज पहाटे जंगलाचे फोटो काढतात ते. त्यांना टाकी कुठे आहे ते माहीत नाही?"

तिघं मागच्याच बाजूला गेली. भिंतीपलीकडे करंजाची झाडं दाट होती. सपनाने दुर्बीण एकेका खोडावरून हळूहळू फिरवली. चौथ्या झाडावर पट्ट्याने बांधलेली एक पेटी होती. मातकट रंगाची, मध्ये काचेचा डोळा. आणि समोरच्या फांदीवरून हिरवी तार लोंबत होती. रिकामी.

"कॅमेरा!" विशाल किंचाळला. "झकास! चला, उचलून आणू!"

"पाय मोडीन," सपना म्हणाली. "भिंतीपलीकडे कोणी जायचं नाही. तिथे खरा बिबट्या आहे."

कल्पिताने दुर्बीण घेतली आणि त्या तारेवर रोखली. मग म्हणाली, "हे आमच्यासारखंच आहे गं. गळाला मासा लावायचा आणि वाट बघत बसायचं. कोणीतरी बिबट्याला गळ टाकलाय!"

सपनाच्या आईला त्या दिवशी सुट्टी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वनविभागाला फोन लावला. पलीकडे वनरक्षक क्षमा मॅडम होत्या.

"आमच्या कॅमेऱ्यांवर क्रमांक असतो," त्या म्हणाल्या. "तिथे आमचा एकही कॅमेरा नाही. मी पाच वाजता येते. तोवर मुलांना भिंतीजवळ सोडू नका."

पाच वाजायला अजून अडीच तास होते. सपना येरझारा घालू लागली. मॅडम येतील, पेटी काढून नेतील. पण ती कोणाची, हे पेटी थोडीच सांगणार? उद्याच्या सभेत पुन्हा सरूबाईचंच नाव निघेल. पेटीचा मालक स्वतः समोर यायला हवा.

"आजी काय करते सांगू?" कल्पिता म्हणाली. "खेकडा बिळात असला की हात घालत नाही. बिळाच्या तोंडाशी थोडी गडबड करते. तो आपणच बाहेर येतो."

सपनाचे डोळे चमकले. लिफ्टजवळच्या फळ्यावर तिने खडूने लिहिलं, 'आज सायंकाळी ५ वाजता वनविभाग मागच्या झाडावरची पेटी बघायला येणार आहे.'

"सापळा म्हणतेस, मग यात खोटं काय आहे?" विशालने विचारलं.

"काहीच नाही. म्हणून तर लिहिलं!"

तिघं पहिल्या मजल्यावरच्या जिन्याच्या खिडकीत दडून बसली. चार वाजले. सव्वाचार झाले. विशालचा पाय झोपला, मग तो स्वतःच झोपायला लागला. चार पंचवीसला खाली काहीतरी खरखरलं.

ॲल्युमिनियमची शिडी. ती ओढत आणणारे नंदकुमार काका!

पाखरांची नावं शिकवणारे काका. त्यांचीच दुर्बीण सपनाच्या गळ्यात होती.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं, शिडी भिंतीला टेकवली, वर चढले आणि पलीकडे रचलेल्या दगडांवर पाय देत उतरले.

"पळून जातील!" विशाल कुजबुजला.

"नाही जाणार," कल्पिता म्हणाली. "चल, शिडी!"

ती आणि विशाल जिना उतरून धावले. एकाने खालून धरली, एकीने मधून, आणि शिडी अलगद गवतात आडवी झाली. दोन मिनिटांनी काका पेटी बगलेत धरून भिंतीवर चढले. एक पाय अलीकडे टाकला आणि तसेच थांबले.

"शिडी? अरे, शिडी कुठे गेली?"

"काका, सांभाळून!" सपना खिडकीतून म्हणाली. "उडी मारू नका. क्षमा मॅडम पाच वाजता येतायत. बसा तोवर."

"पोरांनो, चेष्टा पुरे! शिडी लावा!"

"मॅडमनी आम्हाला भिंतीजवळ जायला मनाई केलीये," विशाल साळसूदपणे म्हणाला आणि तीन पावलं मागे सरला.

चार पंचावन्नला क्षमा मॅडम आल्या तेव्हा खाली तीसेक माणसं जमली होती आणि वर, बिबट्याच्याच जागी, नंदकुमार काका पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

शिडी लागली. काका खाली उतरले आणि उतरल्या उतरल्या बोलू लागले. "मी काही वाईट केलं नाही! माझे आजोबा बंदूक घेऊन जायचे. मी जन्मात बंदूक धरली नाही. मला फक्त फोटो हवा होता. एक चांगला फोटो! सात महिने वाट पाहिली. मग मार्केटात मासे कापणाऱ्याकडून मुंडकी आणायला लागलो. मी कोणाची शिकार केली नाही!"

"काका, कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे ना," क्षमा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "त्यात वन्यप्राण्याला आमिष दाखवणंही येतं. बंदूक असो की कॅमेरा. तुम्ही त्याला माणसांच्या भिंतीवर यायची सवय लावत होता. उद्या पिंजरा लागला असता, तो पकडला गेला असता, आणि त्याची जागा घ्यायला दुसरा आला असता."

"आमच्यात लहान पोरंपण ओळखतात," कल्पिता म्हणाली. "आमिष लावलं की ती शिकार. आम्हीपण करतोच की समुद्रात, लपवत नाही. पण दोन महिने बोटी वर घेतो, काका. थांबतो आम्ही!"

काकांनी मान खाली घातली.

"आणि काल गेटवर," सपनाला आता राहवेना, "सरूबाई सगळ्यांना विचारत होत्या तेव्हा तुम्ही तिथेच होता. तुम्ही चष्मा पुसत होता!"

नंदकुमार काकांचा हात चष्म्याकडे गेला आणि मध्येच खाली आला.

क्षमा मॅडमनी पेटी सील केली, जबाब लिहून घेतला आणि मग मुलांकडे वळल्या. "तुमच्यातल्या एकानेही भिंत ओलांडली नाही. माझ्या दृष्टीने आजचं सगळ्यात हुशारीचं काम तेच. बाकी, शिडीबद्दल मी काही ऐकलेलं नाही!"

रविवारच्या सभेत पिंजऱ्याचा विषय रद्द झाला आणि बंदी उठली. मृणालिनी काकूंनी सर्वांसमोर तिन्ही मुलांची नावं घेतली. "मी म्हटलं होतं, मासा तो मासा. चुकलं माझं," एवढंच त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. नवी नोटीस गेटवर लागली. सरूबाईला सोसायटीने दिलगिरीचं पत्रही पाठवलं.

सोमवारी सरूबाई आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी कल्पिताचा फोन आला.

"आजी म्हणते, कागद नको. कागदाने बाहेर काढलं, आता कागदानेच आत बोलवणार? ज्या बाईने काढलं तिने यावं. एकटीने."

"मढला? मृणालिनी काकू?" सपना उडालीच. "अगं, त्यांना सुकटीच्या वासाने चक्कर येते!"

"सांगून तर बघ!"

सपनाने सांगितलं. काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या.

गुरुवार, बारा जून. नंदकुमार काकांची चौकशी अजून चालू आहे. पेटीतलं कार्ड वनविभागाकडे आहे. त्यात बिबट्याचे फोटो किती, हे सोसायटीत कोणालाच माहीत नाही. सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मृणालिनी काकू गेटवर रिक्षात बसल्या. हातात घडी केलेला रुमाल होता. "मीपण येऊ?" असं सपनाने विचारलं तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

अकरा वाजून पाच मिनिटांनी सपनाच्या आईच्या मोबाइलवर कल्पिताचा मेसेज आला.

'पोचल्या. रुमाल नाकाला लावला नाही. आजीने बसायला पाट दिलाय. त्या सुकटीच्या टोपलीशेजारीच बसल्यात.'