चार वाजताचे तीन सूर

पियानोची पट्टी लोण्यासारखी चालली पाहिजे, हे कवडूभाऊचं वेडच होतं. मूळचा रोहण्याचा गडी, वर्ध्यात बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा. पियानोचं काम नागपुरात शिकून आलता. अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात बंडोपंत मास्तरांचं बोलावणं आलं, तसा सायकलला पिशवी अडकवून भर उन्हात निघाला. पियानो मास्तरांच्या बायकोचा. ती बिचारी वर्षापूर्वी वारली. आता तो वाजत नाही, एवढीच तक्रार.

मास्तर सुकून काटकी झाले होते. घरात दुसरं माणूस म्हणजे लेक सुनीती, ती कचेरीत गेलेली. "तिले सांगितलं नाई मी," मास्तर हळूच म्हणाले, "उगाच चिडते." मग ओसरीवरच्या आरामखुर्चीत जाऊन पडले.

कवडूभाऊनं पुढची फळी काढली. मधल्या तीन हातोड्यांपुढं कोणीतरी कापूस कोंबला होता, चांगला ठासून. उंदराचे धंदे, असं म्हणत त्यानं तो ओढून टाकला. उन्हाळ्यानं लाकूड आटून आतलं सगळं ढिलं पडलेलं. पट्टी दाबली तरी अर्धी चाल फुकट जायची. तो ढिलेपणा त्यानं एकेका पट्टीचा काढला. प्रत्येक हातोडी तारेपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर सुटेल अशी बसवली. पंच्याऐंशीच्या पंच्याऐंशी! आता फुंकर घातली तरी बोलतील, म्हणून लेकाचा स्वतःवरच खूश झाला.

पावणेचारला, रोजच्यासारखी कचेरीतून लवकर सुटून, सुनीती आली. जमिनीवरचा कापूस पाहून जागीच थिजली.

"काका, हे काऊन काढलं?"

दार लोटून तिनं घोगऱ्या आवाजात सगळं सांगितलं. आई रोज चारला तीन सूर वाजवून बाबांना चहाला बोलवायची. बाबा असतील तिथून 'आलो गं' म्हणायचे. ती गेली, तरी चारला त्या तीन पट्ट्या आपोआप खाली जातात. जोर अगदी कमी, शेवटच्या आजारात तिच्या बोटांत होता तेवढाच, म्हणून आवाज होत नव्हता. पण मागच्या महिन्यात एक सूर निसटला आणि बाबा खुर्चीतून अर्धे उठले. दुसऱ्याच दिवशी तिनं कापूस भरला.

"नीट ऐकू आलं तर बाबा ओ देतील, काका... मग ते राहायचे नाईत."

एरवी कवडूभाऊ हसला असता. पण पोरगी पुन्हापुन्हा घड्याळाकडं बघत होती, आणि मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्यानं घाईघाईनं कापूस गोळा केला. घामानं बोळे बोटांनाच चिकटत होते. सुनीती बापाकडं पळाली. तिसरा बोळा बसला आणि घड्याळाचे ठोके पडले.

खोलीत वास आला... बाम आणि चोळायच्या तेलाचा, आजारी माणसाच्या अंथरुणाला येतो तसा. पहिली पट्टी खाली गेली. ठप्. दुसरी. ठप्. तिसरी. ठप्. सूर नाही. कवडूभाऊचा अडकलेला श्वास सुटला.

मग थोडं थांबून, कोणीतरी विचार केल्यागत, डावीकडच्या तीन पट्ट्या दबल्या. खालच्या सप्तकातले तेच तीन सूर.

आणि काय गोड वाजले हो! का नाही वाजणार, त्यानंच तर तयार केले होते. कवडूभाऊनं दोन्ही हात उघड्या तारांवर टाकले, पण उशीर झाला होता.

"आलो गं," ओसरीवरून मास्तर म्हणाले. वर्षभरात त्या घरात इतका आनंदी आवाज कोणी ऐकला नसेल.

कवडूभाऊ धावत बाहेर गेला. सुनीतीनं बापाच्या दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून धरले होते. मास्तरांची मान त्या तळव्यांतच लुळी पडली होती.

ती रडली नाही. आतल्या खोलीकडं कान देऊन ऐकत राहिली. आत कोणीतरी एका बोटानं वाजवत होतं. चुकीचा सूर. लगेच शेजारचा बरोबर सूर, सावकाश, समजावून सांगितल्यासारखा. पुन्हा चुकीचा... पुन्हा बरोबर.

"बाबांना वाजवता येत नव्हतं," सुनीती म्हणाली.