खालच्या रेघेने पळवलेले घोडे

"म्हाताऱ्या पिपिनला विकणं ठीक आहे. पण रस्टी, रोमिओ आणि रिव्हर? तेही ट्रकमध्ये?" टोबी कुंपणावरून उडी मारत ओरडला.

मॅरेन ट्रककडे बघत होती. रस्टी तिच्या आजोबांचा घोडा. हिवाळ्यात आजोबा गेले, तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. रडूही आलं नव्हतं. आता रस्टी लिलावाला निघाला, तरी आत नुसतं सुन्न.

"मामा, रस्टी धडधाकट आहे," ती एवढंच म्हणाली.

डेलमामांनी, म्हणजे टोबीच्या बाबांनी, कॉफीचा घोट घेतला. मोंटानातलं हे घोडेस्वारीचं शिबिर त्यांचंच. "विकायच्या घोड्यांच्या नावाआधी मी 'R_' लावलंय, रिटायरचा R आणि खालची रेघ. कॉम्प्युटरला तेवढेच शोधायला सांगितले. तो चुकतो होय?"

ट्रक धुरळा उडवत निघालासुद्धा!

"तिघांचीही नावं R नेच सुरू होतात!" टोबीची मैत्रीण इनेझ म्हणाली आणि ऑफिसात धावली. शाळेच्या कॉम्प्युटर क्लबात ती हेच शिकायची. "हे बघा! मामांनी 'R_%' शोधलंय. % म्हणजे पुढे काहीही चालेल. पण शोधताना खालची रेघही रेघ नसते! ती म्हणजे कुठलंही एक अक्षर!"

"म्हणजे R नंतर काहीही असलं तरी जुळणार?" टोबीने कपाळावर हात मारला. "बाबा, धन्य आहात!"

"ही खरीच रेघ आहे, असं त्याला बजावावं लागतं." इनेझने ओळ बदलली. पडद्यावर एकच नाव उरलं. पिपिन!

मामांचा चेहरा पडला. ड्रायव्हरचा फोन लागेना.

"घोड्यांवरचे मालकीचे छाप तपासणाऱ्या बाईंना लावा!" मॅरेन म्हणाली. "अंगावर डागलेली खूण बघितल्याशिवाय जिल्ह्याबाहेर घोडा सोडत नाहीत त्या!"

फोन लागला. बाईंनी ट्रक अडवला आणि तासाभराने तो परत आला.

मामांनी टोपी काढली. "पोरांनो, शाब्बास! तुम्ही नसता, तर माझ्या हातून पाप घडलं असतं."

रस्टी डुलत खाली उतरला आणि त्याने खुशाल मॅरेनच्या बुटावर खूर ठेवला.

"आई गं! ढोल्या, दुखतंय!" ती किंचाळली. खूप दुखत होतं. मग ती त्याच्या मानेला बिलगून मोठ्याने रडू लागली. पायासाठी आणि आजोबांसाठीही.

टोबी धावला. "ढकलू का त्याला?"

"नको," ती हुंदके देत म्हणाली. "राहू दे थोडा वेळ."