प्रागहून परत आलेला दगड

ब्लॅकटाउनहून कोथिंबीर, पोहे आणि चिन्मयीचे शाळेचे मोजे घेऊन घरी आले, तर ओट्यावर दगड. लिंबाएवढा, राखाडी, ओलाचिंब. खाली पाण्याचं थारोळं आणि शेवाळाचा वास.

"चिन्मयी, हे काय आणून ठेवलंस?"

"आय डिडन्ट टच इट, आई."

पुसलं, दगड मागच्या अंगणात भिरकावला. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. खरं सांगते, भीती नंतर वाटली. आधी आला तो नुसता वैताग. स्कोफिल्ड्समधलं नवंकोरं घर, अंगणातल्या रोपट्यांनी अजून धड मान वर केलेली नाही. इथे शेवाळ यायचं कुठून?

संध्याकाळी हृषिकेश कामावरून आला. दगड हातात घेतला आणि उलटापालटा करून पाहिला.

"विनिता... हा मी प्रागला नदीत सोडला होता."

मुळापासून सांगते. माझे सासरे साताऱ्याला इतिहास शिकवायचे. प्राग म्हणजे त्यांचं वेड. जुन्या पुलावरचे पुतळे, तासाला सांगाडा घंटा वाजवतो ते घड्याळ, सगळं पुस्तकांतून पाठ. आम्ही त्यांना तिथे न्यायचं ठरवलं, तिकिटंही काढली, आणि आमच्याकडे राहायला आलेले असतानाच बाबा गेले. दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. इथे परदेशातही कावळ्यांना तोटा नाही, पण एकही शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखायची आणि शब्द द्यायचा, ही आपली रीत. हृषिकेश म्हणाला, "बाबा, तुम्हाला प्राग दाखवतो." कावळा लगेच शिवला.

मग या शहाण्याने काय करावं? माणूस गेल्यावर विधीसाठी घेतात तो जीवखडा. त्यात त्याचा जीव दहा दिवस थांबतो असं आपण मानतो आणि दहाव्याला तो पाण्यात सोडतो. याने सोडलाच नाही. म्हणे, तिथल्या नदीतच सोडू. मी कानीकपाळी ओरडले, पण ऐकेल तर शपथ!

प्रागमध्ये हृषिकेश तो खडा तळहातावर धरून हिंडला. घड्याळ दाखवलं, किल्ला दाखवला. तिथल्या जुन्या ज्यू दफनभूमीत थडगी एकमेकांना टेकून वाकडीतिकडी उभी आहेत, आणि माणसं त्यांच्यावर आठवण म्हणून खडे ठेवतात. फोटोसाठी याने बाबांना तिथे एका थडग्यावर ठेवलं. फोटो काढला, खडा उचलला आणि संध्याकाळी पुलावरून नदीत सोडला.

आता तो फोटो आम्ही मोठा करून पाहिला. बाबांच्या खड्यावर पांढरी रेघ होती. शेजारी होता तो हा, राखाडी.

"म्हणजे बाबा अजून तिथेच..." त्याने फोटोतल्या थडग्यावर बोट ठेवलं.

"आणि कुणाची तरी आठवण तू नदीत बुडवून आलास! एक काम धड करशील तर..."

तो दगड आम्ही ओढ्यात टाकला, समुद्रात टाकला. पुन्हा ओट्यावर. भाकरी थापायला गेलं की हाताखाली गार पाणी. चिन्मयी स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. "देअर्स समवन वेटिंग इन देअर," एवढंच म्हणायची. शेवटी वैतागून मीच हृषिकेशला एकट्याला परत प्रागला पाठवलं.

तिथे सकाळ होती, इथे उन्हं कलली होती. व्हिडिओ कॉलवर मी सगळं बघत होते. त्याने राखाडी दगड थडग्यावर ठेवला, पांढऱ्या रेघेचा उचलला आणि कॉल चालू ठेवूनच पुलावर आला. "बाबा, आता शांत व्हा," म्हणाला आणि मूठ उघडली.

ओटा कोरडा होता. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मला रडूच आलं. आता बाबांचं समाधान झालं का तेवढं बघावं, म्हणून दहीभाताचा गोळा अंगणातल्या कुंपणावर ठेवला. कावळा आला, बसला. पण गोळ्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिला.

"बाबा, प्राग दाखवलं ना तुम्हाला..."

ढिम्म.

"तुमची पुस्तकं वाचनालयाला देऊ. चिन्मयीला मराठी वाचायला शिकवू..."

तो हलेना. इतक्या दिवसांचा सगळा वैताग एकदम उसळला.

"मग हवंय तरी काय तुम्हाला? मुलगा हवाय? घ्या, ठेवून घ्या त्याला तिथेच!"

कावळा शिवला.

मी जीभ चावली, पण शब्द गेला होता.

"शिवला का गं?" फोनमधून हृषिकेशने हसत विचारलं. "काय कबूल केलंस?"

"हृषिकेश, कठड्यापासून लांब हो... ऐक माझं, आधी लांब हो..."

पडद्यावर आभाळ गरकन फिरलं. पुतळे उलटे झाले. मग नुसता पाण्याचा आवाज, आणि तोही बंद.

"आई," चिन्मयीने दारातून हाक मारली, "इट्स वेट अगेन."

मी आत धावले. ओट्यावर पाणी पसरलं होतं आणि त्यात खडा होता. राखाडी नव्हता, पांढऱ्या रेघेचाही नव्हता. हा निराळाच होता.

हातात घेतला, तर अजून कोमट होता.