हे कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण मधेच "भास झाला असेल" म्हणू नका. ते ऐकून ऐकून वीट आलाय मला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाजार बंदचा दिवस. भर दुपारी साडेबाराला मी जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानावरच्या आमच्या खोलीत गेलो. काम पाच मिनिटांचं होतं. दादाच्या लॅपटॉपवर बसायचं, एक दुरुस्ती मंजूर करायची आणि नवीन जालन्यातल्या दवाखान्यात परत यायचं. तिथं माझी मुलगी ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत होती. अकरा दिवसांची, वजन सव्वा किलो. माझी बायको अक्षता काचेबाहेर बसून होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ राजानंद. त्याला जाऊन नऊ महिने झाले होते. याच खोलीत बसून त्यानं 'उंबरा' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. बाहेरून यंत्राकडे येणारा निरोप तपासायचा, ठीक असेल तरच आत सोडायचा, एवढंच त्याचं काम. सगळं उघडं आणि फुकट. कुणीही घ्यावा, वाचावा, सुधारणा सुचवावी. जगभरच्या कंपन्यांनी घेतला आणि आपापल्या यंत्रांत बसवला. आभाराचं एक पत्र आलं नाही. एप्रिलमध्ये मात्र त्यात भोक सापडलं, बाहेरच्या कुणालाही यंत्राचा ताबा घेता येईल असं, आणि दादामागं उंबरा जमेल तसा सांभाळणाऱ्या मला मेलवर मेल सुरू झाले. कधी दुरुस्त करताय? दोन दिवसांत करा! मी कळवलं, अहो, माणूस वारला. तर एकानं लिहिलं, वाचून वाईट वाटलं, मग गुरुवारपर्यंत होईल का? डोकं फिरेल नाही तर काय!

त्या सकाळी दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रीतीनं मला जिन्यात गाठलं. "भारतभाऊ, पेट्यांचं तापमान ज्या मशीनवरून चालतं, तिच्यातबी तुमचा उंबराच हाय. कंपनीचा निरोप आलाय. पाचपर्यंत दुरुस्ती आली न्हाई तर पेट्या बंद करा, बाळांना संभाजीनगरला हलवा म्हणतेत."

हे बाळ तो प्रवास सोसणार नाही, असं डॉक्टरांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

दुरुस्ती तयार होती. मार्टिन नावाच्या कुणीतरी पाठवलेली. दोन महिन्यांपासून हा माणूस कुठूनतरी मदत करत होता, अगदी गोड इंग्रजीत. साऱ्या जगात "तुम्ही थकला असाल" असं मला तेवढाच एक म्हणाला होता. आता फक्त दादाच्या पेन ड्राइव्हमधली सही लावायची होती. त्या सहीशिवाय उंबऱ्यात एक अक्षर बदलत नाही.

पेन ड्राइव्ह घराच्या किल्लीसोबत खिळ्याला टांगलेला. मी हात घातला, तर तिथंच बसलेल्या आईनं माझं मनगट धरलं.

"आधी वाचून दाखव."

ही दादाची रीत. आई दुसरी शिकलेली. तरी बदललेली प्रत्येक ओळ तो तिला साध्या मराठीत सांगायचा. ती विचारायची, "हे कशाला?" उत्तर देता आलं तर सही, नाही तर नाही. मोठमोठ्या इंजिनिअरांचं काम त्यानं आमच्या आईच्या प्रश्नावर परत पाठवलं होतं. बाहेर कुणाला सांगायची मात्र लाज वाटायची त्याला. घरच्यांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आई, येळ न्हाई गं. तिकडं पोरगी..."

"तिच्यासाठीच म्हणून राह्यले. त्यानं कधी न वाचता सही केली न्हाई. बस."

बसलो. काय करणार? वर तापलेले पत्रे, खाली गल्लीत चिटपाखरू नाही. त्रेपन्न ओळी होत्या. मी भराभर सांगत सुटलो.

"आलेल्या निरोपाची लांबी मोजली."

"बराबर."

"लय लांब असला तर बाहेरच ठेवला."

"बराबर."

चाळिसाव्या ओळीला अडखळलो. नमुन्याची एक फाइल उघडून तिच्यातलं काहीतरी उचलायचं होतं. कशासाठी, ते मला समजेना. असेल काहीतरी तपासणीचं, म्हणून ती गाळली आणि पुढं गेलो. आईनं डोळे मिटले होते. तिला काय कळणार?

पेन ड्राइव्ह लावला. सहीसाठी बोट ठेवणार, तेवढ्यात लाइट गेली.

पंखा घरघरत थांबला. मी चरफडलो, कारण त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती. लाइट गेली की पडदा काळा. पण पडदा काळा झाला नाही.

खोलीत लवंगेचा वास आला. दादा काम करताना लवंग चघळायचा.

टक... टक...

टेबल वाजलं. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

"मधली वळ सोडली का रे तू?" आईनं डोळे न उघडता हळूच विचारलं. "त्यो टेबल वाजवून राह्यला..."

मी पडद्याकडे पाहिलं. ओळी आपोआप मागे सरकल्या होत्या. चाळिसाव्या ओळीखाली, दादाच्या नावानं, दोन शब्द उमटले होते.

हे कशाला?

मी ती फाइल उघडली, आयुष्यात प्रथमच नीट, सावकाश वाचली. मार्टिननं पुढचं भोक बुजवलं होतं खरं, पण त्या एका ओळीनं मागच्या बाजूला नवं दार ठेवलं होतं, आणि त्याची किल्ली फक्त त्याच्याकडे राहणार होती. माझ्या मुलीच्या पेटीचीसुद्धा.

आणि मी ते सही करून देणार होतो, घाई होती म्हणून! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती ओळ काढली, नमुन्याची फाइल काढली. उरलेल्या बावन्न ओळी आईला पहिल्यापासून सांगितल्या, एकही न गाळता. शेवटच्या ओळीला ती "बराबर" म्हणाली. टेबल गप्प होतं. मोबाइलचं नेट जोडून सही करून पाठवलं, आणि त्याच क्षणी पडदा विझला. लाइट त्यानंतर तासाभरानं आली. दादाच्या नावाचे ते दोन शब्द पुन्हा कुठं सापडले नाहीत.

पावणेचारला प्रीतीचा फोन आला. "भाऊ, बसवलं बरं का. पेट्या चालू हायेत." मी जिन्यातच बसून रडलो.

तेवढ्यात मोबाइलवर मार्टिनचा मेल आला. मी त्याला काहीही कळवलेलं नव्हतं. या वेळी इंग्रजी नव्हतं, स्वच्छ मराठी होती.

"हरकत नाही. पुढच्या वेळी असं लिहीन, की आईला प्रश्नच पडणार नाही."

मुलगी आता घरी आहे, रांगते. परवा उंबऱ्यात आणखी एक भोक निघालं, आणि दुसऱ्याच कुठल्या नावानं लगेच दुरुस्तीही आली. इतकी सोपी, की आई प्रत्येक ओळीला "बराबर" म्हणाली. मी एकही ओळ गाळली नाही, तीन वेळा वाचली. टेबल वाजलं नाही.

सही अजून केलेली नाही. पेन ड्राइव्ह खिळ्यालाच आहे, आणि जगभरातून मेल येतायत, कधी करताय?